चारशे रील्स सेव्ह केल्या, तरी कॉलवर तोंड का उघडत नाही?

प्रश्न असा आहे. विचारणारे बदलापूरला राहतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम., आता मरोळच्या एका कंपनीत बॅक ऑफिसला. आठ महिने रोज जाता-येता तास-दीड तास इंग्रजी शिकवणाऱ्या रील्स आणि शॉर्ट्स बघतात, चारशेच्या वर सेव्ह करून ठेवल्यात. "बघताना सगळं कळतं, पण सोमवारच्या टीम कॉलवर माझी पाळी आली की 'येस सर, ओके सर'च्या पुढे गाडी जात नाही. रील्सचा काही उपयोग असतो का, की सरळ बारा हजार भरून क्लास लावू?"

आधी एक सांगून टाकते. मी स्वतः बावीस वर्षं परळला संध्याकाळचे इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते, त्याआधी रात्रशाळेत शिकवायचे. म्हणजे 'रील्स सोडा, क्लास लावा' हे उत्तर माझ्या पोटापाण्याच्या सोयीचं आहे. म्हणूनच ते मी पटकन देणार नाही.

तुम्ही विचारलंय की इंग्रजी कुठून घ्यायचं. तुमची अडचण मला वेगळी दिसते: आत गेलेलं ऐनवेळी बाहेर येत नाही. आणि ही अडचण जागा बदलून सुटत नाही. क्लासला येऊन वह्या भरभरून नेणारे आणि शेवटपर्यंत तोंड न उघडणारे मी दरवर्षी बघते. ते तुमच्यापेक्षा बारा हजारांनी गरीब असतात, एवढाच फरक.

रोजच्या लोकलमधली माणसं आठवा. खिडकीशी बसणारे ते काका, अंबरनाथला चढून लगेच डोळे मिटणारा तो मुलगा, कल्याणला टाळ घेऊन चढणारे भजनवाले. चेहरा दिसला की तुम्ही ओळखता, मान हलवता. पण उद्या बाजारात त्यातल्या एकाला हाक मारायची वेळ आली, तर नाव येतं का? याला आपण तोंडओळख म्हणतो, आणि गंमत म्हणजे त्यात तोंडाला काही कामच नसतं. तुमची त्या चारशे रील्सशी अशी तोंडओळख झालीय. वाक्य समोर आलं की 'हो, हे माहितीये' असं वाटतं. कॉलवर मात्र समोर काही येत नाही, तिथे तुम्हाला हाक मारायची असते.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. काहींना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहिणारे पुढे होते. रील बघून झाल्यावर जी 'आलं आपल्याला' अशी भावना होते ना, ती पाच मिनिटांवाली आहे. खोटी नाही ती, पण तुमचा कॉल सोमवारी असतो.

हे मी माझ्या अनुभवावरूनही सांगते. 2021 मध्ये वर्ग बंद होते तेव्हा मीही रील्स केल्या. एक होती 'गुड म्हणण्याऐवजी हे पाच शब्द वापरा' अशी, आणि ती माझ्या मानाने खूप चालली. आठवड्याने ऑनलाइन तासाला माझ्याच मुलांना विचारलं, त्या पाचांतले दोन सांगा. सगळ्यांनी रील पाहिली होती, सगळ्यांना आवडली होती. दोन शब्द एकालाही सांगता आले नाहीत. एकीला मी नेसलेली साडी आठवत होती. त्यानंतर मी तसल्या रील्स करणं सोडलं.

त्या रील्स तशा का असतात, तेही समजून घ्या. आपल्याकडे टिकटॉक जून 2020 च्या शेवटी बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आल्या, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच घेतली. सुरुवातीला रील पंधरा सेकंदांची असायची, शॉर्ट फार तर साठची. आता शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालते, पण साचा पडला तो पडलाच. पंधरा सेकंदांत इंग्रजीचा कुठला धडा बसतो? 'हे म्हणू नका, ते म्हणा', एवढाच. 'व्हेरी टायर्ड' म्हणू नका, 'एक्झॉस्टेड' म्हणा. 'आय डोन्ट नो' म्हणू नका, अमुक म्हणा. अहो, 'आय अॅम व्हेरी टायर्ड' हे चोख इंग्रजी आहे, लंडनमधला माणूसही घरी आल्यावर तेच म्हणतो. पण अशा दोनशे रील्स बघितलेला माणूस कॉलवर तोंड उघडायच्या आधी मनात तपासत बसतो: हा शब्द साधा तर नाही ना, याच्याऐवजी काय म्हणायचं होतं बरं? तेवढ्यात पाळी निघून जाते. तुमच्या 'येस सर'मागे हे असण्याची मला दाट शंका आहे. आठ महिन्यांत तुमचं इंग्रजी वाढलं, आणि त्याच्या दाराशी एक वॉचमनही बसला.

त्यामुळे 'म्हणू नका'वाल्या रील्स आजच अनसेव्ह करा. 'शंभरातले नव्वद लोक हे चुकीचं बोलतात' असं धमकावणाऱ्याही करा. शेवटच्या पाच सेकंदांत ज्यांचा स्वतःचा कोर्स निघतो, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही, माझंही दुकान आहे.

मग रील्स कोणाच्या कामाच्या? हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर अवलंबून आहे. 'काल मी ऑफिसला गेलो नाही' हे वाक्य इंग्रजीत न अडखळता बनवता येत नसेल, तर रील्स सध्या बाजूलाच ठेवा. आधी काळ आणि प्रश्न बनवणं पक्कं करा. शाळेचं जुनं व्याकरणाचं पुस्तक त्याला पुरतं. पंधरा दिवसांवर मुलाखत असेल, तर रील्स बघू नका, दहा प्रश्नांची स्वतःची उत्तरं घोका. काम मुख्यतः ईमेलवर असेल, तर रील्सपेक्षा ऑफिसातल्या चांगलं लिहिणाऱ्या माणसाची मेल्स वाचा. तुम्ही लिहिलंय की बघताना सगळं कळतं. ते खरं असेल तर तुम्ही अशा टप्प्यावर आहात जिथे रील्सचा चांगला उपयोग होतो, फक्त बघायची पद्धत उलटी करायला हवी. दिवसाला शंभर नकोत. आठवड्याला दोन.

दोन ऐकून हसू आलं असेल. एक रील घेऊन दाखवते.

समजा कोणीतरी ऑफिसचा प्रसंग करून दाखवतंय आणि त्यात वाक्य आलं: 'आय विल गेट बॅक टू यू ऑन दॅट.' पहिल्या दिवशी खालची अक्षरं बंद करा किंवा बोटाने झाका, आणि तीनदा ऐकून कानाला येईल तसं देवनागरीत लिहा. तुम्ही बहुधा 'आल गेबॅक टयू ऑन दॅट' असं काहीतरी लिहाल. आता अक्षरं उघडा. 'विल'चा नुसता ल उरलाय. 'गेट'मधला ट जिभेवर तयार होतो पण फुटत नाही, लगेच ब येतो. 'टू' आखडून 'ट' झालाय. कॉलवर साहेब बोलतात ते कधी कधी निसटतं ते याचमुळे. तुम्हाला सुटे शब्द माहीत असतात, ते मात्र जोडून बोलतात. एका वाक्यावर अशी पाच मिनिटं घालवणं म्हणजे कानाची शिकवणी, आणि यासाठी रीलसारखं साधन नाही. छोटी असते, पुन्हा पुन्हा लावता येते. जुन्या टेप रेकॉर्डरवर मी मुलांना हेच करायला लावायचे, तेव्हा अर्धा तास फीत मागे-पुढे करण्यातच जायचा.

दुसऱ्या दिवशी स्वतःला विचारा: या जागी मी मराठीत काय म्हणालो असतो? 'मी तुमच्याकडे परत येईन' असं कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, 'बघून सांगतो.' वाक्याला वाक्य जोडा, शब्दाला शब्द जोडू नका. आता आपल्याकडे 'बघून सांगतो'चा अर्थ बऱ्याचदा 'विसरा आता' असा होतो, म्हणून इंग्रजीत पुढे वेळ जोडायची सवय लावा: 'आय विल गेट बॅक टू यू ऑन द इन्व्हॉइस बाय फोर.' मग तुमच्या टेबलावरच्या कामाची आणखी तीन वाक्यं करा. व्हेंडरच्या पेमेंटवर एक, कोणाच्या तरी रजेवर एक, सोमवारी ज्या प्रश्नाला तुम्ही गप्प बसलात त्यावर एक. लिहा, पाठ करू नका.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर ती रील उघडायचीच नाही. व्हॉट्सअॅपवर स्वतःच्याच नंबरला आवाज पाठवा, चारही वाक्यं न बघता. चौथ्या दिवशी सकाळी ऐका. पहिल्यांदा ऐकताना कानात बोटं घालावीशी वाटतात, माझ्या वर्गात सगळ्यांना वाटतं. आठवडाभराने मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी आठवून बघा. नाही आलं तर उत्तर बघण्याआधी अर्धं मिनिट झटापट करा. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सर्वात जास्त गळतं ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत, मग गळती मंदावते. म्हणून पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा भेट घ्यायची, नंतर महिन्याने एकदा पुरते.

मधल्या कुठल्या तरी दिवशी ते वाक्य खऱ्या माणसाला म्हणायचं. ही पायरी गाळली तर बाकीचं सगळं वाया. माझ्याकडे एक बाई यायच्या, परळच्याच एका हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर काम करणाऱ्या. परगावचे नातेवाईक आले की त्यांची भंबेरी उडायची. त्यांनी दीड महिना रील्समधून फक्त रस्ता सांगायची आणि थांबायला सांगायची वाक्यं उचलली, सहा की सात. तीच दिवसाला वीसवीसदा म्हणाल्या. वर्गातल्या बी.ए. झालेल्या मुलांपेक्षा त्या लवकर बोलायला लागल्या, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य दिवसभर राबत होतं.

इथपर्यंतचं सांगायचं तर: वॉचमन हटवा, रील्स कमी करा, आणि एकेका वाक्याला कान, मराठी, तोंड आणि ऑफिस या चार ठिकाणी फिरवून आणा. आता रील निवडण्याबद्दल, कारण तिथे मराठी माणसाची एक खास अडचण होते.

आपल्याला दिसणाऱ्या बहुतेक रील्स हिंदीतून इंग्रजी शिकवतात. हिंदी आपल्याला येतं, त्यामुळे खटकत नाही. पण मग तुम्ही मनात मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून इंग्रजीत असा दोन गाड्या बदलून प्रवास करता. कॉलवर तेवढा वेळ कुठला? शिवाय त्यातले इलाज दुसऱ्याच्या दुखण्यावरचे असतात. हिंदी पट्ट्यातल्या अनेकांच्या तोंडी 'स्कूल'चं 'इस्कूल' होतं, म्हणून त्यावर रील्सचा ढीग आहे. मराठी माणूस 'स्कूल' बिनदिक्कत म्हणतो. झेड आणि जे यांतल्या फरकावरही खूप रील्स असतात. आपल्याकडे 'जीभ'मधला ज आणि 'जावई'मधला ज वेगळे असतातच, जावयाच्या ज मधून 'झू'मधल्या झेडकडे जायला एक पाऊल पुरतं.

आपल्या चुका वेगळ्या. 'पासून' हा शब्द घ्या. 'मी दोन वर्षांपासून इथे काम करतो' म्हणताना आपण बेधडक 'आय अॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' म्हणतो, कारण मराठीला दोन्हीकडे 'पासून' चालतं: सोमवारपासून, दोन वर्षांपासून. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स मंडे', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर टू इयर्स', आणि क्रियापदही बदलतं: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.' दुसरं, आपला 'च'. 'कालच पाठवलं' म्हणायचं असतं आणि तोंडातून निघतं 'यस्टरडे ओन्ली आय सेंट'. इंग्रजी माणूस तिथे 'आय सेंट इट यस्टरडे' म्हणून 'यस्टरडे'वर आवाजाचा जोर देतो. आपण शब्दाला शेपूट लावतो, ते आवाज चढवतात. या दोन गोष्टी सांगणारी रील मराठीत सापडली तर ती बघण्यासारखी. नाही तर शिक्षक इंग्रजीतूनच बोलणारी, पूर्ण प्रसंग दाखवणारी रील निवडा. फक्त शब्दांची यादी असेल तर पुढे जा.

उच्चारांच्या बाबतीत 'अमेरिकन अॅक्सेंट सात दिवसांत' वगैरेच्या मागे लागू नका. मरोळच्या ऑफिसात पुण्याचा, कोचीचा, पाटण्याचा माणूस एकमेकांशी बोलतो आणि काम चालतं. जमवायचीच झाली तर शब्दातल्या जोराची जागा जमवा. मराठीत कुठल्याही अक्षरावर जोर दिला तरी शब्द तोच राहतो, इंग्रजीत जागा चुकली की ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. आपण 'डेव्हलप'मध्ये पहिल्या अक्षरावर आपटतो, त्यांचा जोर दुसऱ्यावर: डि-व्हे-लप. शंका आली की केंब्रिज डिक्शनरीच्या संकेतस्थळावर शब्दाशेजारच्या स्पीकरवर बोट ठेवा, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही आवाज मिळतात. यूग्लिश नावाचं एक संकेतस्थळ आहे, तिथे शब्द टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंत खरी माणसं तो जिथे बोलली असतील नेमका तो तुकडा लागतो. फुकट आहे, आणि सरळ कामाला येतं.

अकाउंट वेगळं करा. तुम्ही कशावर किती थांबता यावरून पुढचं काय दाखवायचं ते ठरतं, आणि आपण इंग्रजीच्या रीलवर दहा सेकंद थांबतो, क्रिकेटच्या रीलवर चाळीस. मग इंग्रजीसाठी उघडलेला फोन मरोळ येईपर्यंत षटकार दाखवतो. नवीन अकाउंटवर चार-पाचच चॅनेल ठेवा, बाकी काही बघू नका. आणि त्यातलं एक तरी जरा लांब असू द्या. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सहा मिनिटांचा कार्यक्रम मी बऱ्याच वर्षांपासून मुलांना देते. दोघं गप्पा मारतात, आणि लिखित संवादही मिळतो. रीलमध्ये एक वाक्य मिळतं, पण एक माणूस बोलून झाल्यावर दुसरा ते कसं उचलतो हे सहा मिनिटांत ऐकायला मिळतं. कॉलवर तुम्हाला नेमकं तेच हवंय.

आता तुमचा प्रवास. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये फोन डोळ्यांसमोर धरायला हात वर निघत नाही, हे मला माहीत आहे. मग बघूच नका. रात्री निवडलेल्या त्या एका रीलचा आवाज किंवा तो सहा मिनिटांचा कार्यक्रम कानात घाला, दोनदा. आणि कृपा करून दारात उभं राहून हे करू नका. घाटकोपरला मेट्रो पकडल्यावर मरोळ नाक्यापर्यंतच्या आठ-दहा मिनिटांत मनातल्या मनात मराठीवरून इंग्रजी आठवून बघा. बोलायचा सराव संध्याकाळी, बदलापूर स्टेशन ते घर चालताना, फोन कानाला लावून. आजकाल रस्त्यात एकटा बडबडत जाणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही, ही मोबाइलने इंग्रजी शिकणाऱ्यांवर केलेली मोठी कृपा आहे.

राहिला क्लास. पाच-सहा आठवडे वर सांगितलेलं करूनही समोर माणूस आला की घसा कोरडा पडत असेल, तर बिचकणं मोडायला माणसंच लागतात. तिथे रील काही करू शकत नाही. ऑफिसातला किंवा डब्यातला एखादा मित्र रोज वीस मिनिटं इंग्रजीत बोलायला तयार असेल, तर पैसे वाचवा. कोणी नसेल तर क्लास जरूर लावा, पण प्रमाणपत्र, नोट्स, एसी हॉल यांचं कौतुक करू नका. बॅचमध्ये किती जण आहेत ते विचारा. तासाला तीस मुलं असली तर सर एक शब्दही न बोलता बसले तरी वाट्याला दोन मिनिटं येतात, आणि सर गप्प बसत नाहीत. जोड्या पाडून बोलायला लावतात का, तेही विचारा. माझ्याकडे बॅच बाराची असते, आणि तीही कधी कधी जास्त वाटते. बहुतेक ठिकाणी एक तास फुकट बसू देतात. जाऊन बसा, खिशात फोनवर स्टॉपवॉच लावा, तुम्ही बोलायला लागलात की सुरू करा, थांबलात की बंद करा. तास संपल्यावर तो आकडा बघूनच बारा हजारांचं ठरवा.